गेणभाऊ ओरडले पाहिजेत

हडळीला नऊवारी नेसवावी की पाचवारी?

*

विषय : भुतांच्या दुरुस्तीस परवानगी मिळणेबाबत.

*

जानकूला पोहता येत नाही.

*

"सर, सांगाड्याचे दोन्ही हात उजवे आलेत. चालतील का?"

*

निळा बल्ब, कमी उजेडाचा. मंचरला नाही. नारायणगावला नाही. जुन्नरच्या दुकानदाराने विचारलं, "उजेड कमीच पायजे, तर बल्ब कशाला घेता?"

*

उज्ज्वला, म्हणजे माझी पत्नी : "लोक निवृत्त झाल्यावर अष्टविनायक करतात."

*

तीन मिनिटं दहा सेकंद.

*

ह्या सगळ्या गोष्टी एकाच भानगडीतल्या आहेत आणि ती भानगड माझ्या अक्षरामुळे झाली. मी चित्रकलेचा शिक्षक होतो. अक्षर चांगलं. मंचरहून घोडेगावकडे निघालं की रस्त्याला 'गंमतबाग' लागते. पाळणे, घसरगुंडी, गोल फिरणारी आगगाडी, बदकाच्या आकाराच्या दोन होड्या (पैकी एक बुडालेली) आणि भूतगुहा. बाग अकरा जणांच्या मंडळाची. त्यातले दहा कांदा-बटाट्याचे व्यापारी नाहीतर बागायतदार. बैठकीचा वृत्तांत लिहायला त्यांना कुणीतरी हवं होतं, म्हणून अकरावा मी.

भूतगुहा म्हणजे पत्र्याची शेड. बाहेरून सिमेंट थापून तिला कातळाचं रूप दिलेलं. आत रूळ, रुळावर चार माणसांची गाडी. गाडी अंधारात तीन वळणं घेते, वळणावळणावर भूत भेटतं, आणि माणूस पलीकडच्या दाराने उजेडात येतो. बावीस वर्षं हेच चाललं आहे. आता वेताळाचे दात पडलेत, हडळीचे केस उंदरांनी नेलेत आणि मुंजाच्या डोक्यात चिमणीची दुसरी की तिसरी पिढी नांदते आहे.

तिसऱ्या वळणावर जानकू असतो. हा खरा माणूस. डिंभ्याच्या पलीकडचा, डोंगरातला. पावसाळ्यात गावी भात लावायला जातो, बाकी वर्षभर अंधारात बसतो. ओला हात हळूच माणसाच्या मानेला लावायचा, एवढंच त्याचं काम. हजेरीपत्रकात त्याचा हुद्दा 'माळी' असा आहे, कारण 'भूत' लिहायला मीच नकार दिला होता.

मार्चच्या बैठकीत गेणभाऊ म्हणाले, "गुहा पाडू. तिथं पाण्याची घसरगुंडी करू."

गेणभाऊ मंडळाचे अध्यक्ष. कांद्याचे व्यापारी. त्यांनी 'करू' म्हटलं की बाकीचे नऊ जण मान हलवतात आणि मी लिहितो.

"आता गुहेला कोण भितंय? पोरं जेवताना मोबाईलवर ह्याच्यापेक्षा भयंकर बघत्यात, आन वर लोणचं मागत्यात."

नेमका तेव्हाच जानकू चहा घेऊन आला. गेणभाऊंनी कप उचलला आणि विचारलं, "काय रं जानकू, पवायला येतं का?"

"न्हाई, भाऊ."

"घसरगुंडीवर पवणारा माणूस लागंल. मंग बघू तुझं."

आमच्याकडे 'मंग बघू' या शब्दांनंतर कुणी काही बघितल्याचं मला तरी आठवत नाही. जानकूलाही आठवत नसावं. कारण तो ट्रे घेऊन तसाच उभा राहिला, आणि उरलेले कप त्यातून उचलायचे हे कुणालाच सुचेना.

मी फक्त म्हणालो, "जुनी गोष्ट मोडण्याआधी एकदा दुरुस्त करून पाहावी, असं आपलं मला वाटतं."

हा एक विचार होता. बोलून सोडून द्यायचा. निवृत्त शिक्षक असे विचार दिवसाला दहा-बारा बोलतात, कुणी मनावर घेत नाही. गेणभाऊंनी घेतला.

"लिवा मंग. सरांनी गुहा दुरुस्त करावी. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी समदं मंडळ आत बसंल."

"आणि ठरवायचं कसं?" मी विचारलं.

गेणभाऊंनी चहा संपवला. "मी वरडलो तर गुहा ऱ्हाईल, जानकू ऱ्हाईल. न्हाई वरडलो तर सोमवारी जेसीबी. आन सांगून ठिवतो सर, कांदा दोन रुपयावर आला व्हता तवाबी मी वरडलो न्हाई."

हा ठराव मी माझ्याच सुंदर अक्षरात लिहिला.

*

सुरुवात एका बल्बने केली. दुसऱ्या वळणावरचा निळा बल्ब गेला होता, तो बदलायचा. पंधरा मिनिटांचं काम. बल्ब लावायला होल्डर उघडला, तर होल्डर हातात आला. होल्डरमागे वायर आली. वायरमागे भिंतीचा पोपडा आणि पोपड्यामागे उंदीर. वायरमन म्हणाला, "सर, आख्खी वायरिंग बदलावी लागंल. पण त्याच्याआधी कचेरीतून परवानगी आणा. मी असल्या ठिकाणी तसा हात लावत न्हाई."

"असल्या म्हणजे?"

"म्हंजे भुताच्या न्हाई ओ. बिनपरवानगीच्या."

कचेरी कुठली, ते सांगत नाही. मला तिथे पुन्हा जायचं आहे. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज वाचला, मग उठून शेजारच्या साहेबांना वाचून दाखवला, मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"गुहा नैसर्गिक का बांधलेली?"

"पत्र्याची आहे."

"किती जुनी?"

"बावीस वर्षं."

"सर, शेजारी जुन्नरला दोन हजार वर्षांची लेणी हायेत. त्यांचा कधी दुरुस्तीचा अर्ज आला न्हाई."

मी चित्रकला शिकवली आहे. लेण्यांच्या टिकाऊपणाबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

साहेबांनी छापील नमुने काढले. गोठा, गोदाम, सभामंडप, कांदाचाळ. गुहेसाठी नमुना नव्हता. 'आत वावरणाऱ्यांची संख्या' या रकान्यापाशी आम्ही थांबलो. भुतं धरून की सोडून, असा प्रश्न होता. तिसऱ्या खेपेला साहेबांना माझी दया आली. "कांदाचाळीचा नमुना भरा. पत्र्याची शेड, लांबट, रिकामी. बसतंय की!"

मी भरला. आयुष्यात प्रथमच मी सरकारी कागदावर खोटं लिहिलं आणि तेही भुतांसाठी.

परवानगी आली, तिच्यामागोमाग तपासणी आली. तपासणीला आलेला माणूस तरुण होता आणि कांद्यातला जाणकार होता. टॉर्च घेऊन आत गेला, हडळीला वळसा घातला, वेताळाच्या पायाजवळ खाली वाकून जमीन पाहिली आणि बाहेर येऊन नाराजीने म्हणाला, "हवाच न्हाई खेळत आत. कांदा सडंल. दोन्ही भिंतींना वीत-वीत अंतरावर फटी ठेवा, तरच सही."

मी त्याला सांगू शकत होतो की आत कांदा नाही. पण मग आत काय आहे, हे सांगावं लागलं असतं.

फटी पाडल्या. सही मिळाली. आणि भूतगुहेत असा लख्ख उजेड पडला की बावीस वर्षांत प्रथमच जानकूने आपण कुठे बसतो ते पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "हितं एवढी जळमटं व्हती व्हय?"

मग त्या फटी आतून गोणपाटांनी बुजवल्या. साठ गोणपाटं. ती गेणभाऊंच्याच गाळ्यातून आली. गुहेला आता कांद्याचा असा वास येऊ लागला की तपासणीवाला पुन्हा आला असता, तर समाधानाने गेला असता.

*

शेजाऱ्यांचे सल्ले. हे खरं तर आधी यायला हवे होते, कारण ते पहिल्या दिवसापासून सुरू झाले. पण सल्ला हा काही क्रमाने येत नाही.

आमच्या समोरच्या घरात सुभाषराव राहतात. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गाडीत पाय ठेवायला जागा नसतानाही "पुढं सरका" म्हणण्याचा तीस वर्षांचा सराव, त्यामुळे कुठल्याही प्रश्नात शिरायला त्यांना जागा लागत नाही.

"सर, भुताला कोण भितंय आता? बिबट्या बसवा."

बोलण्यात तथ्य होतं. मी त्याच संध्याकाळी कागदावर बिबट्या काढला. दबा धरून बसलेला, डोळ्यांत चमक. चांगला उतरला. उज्ज्वला चहा घेऊन आली आणि चित्राकडे पाहत उभी राहिली.

"बिबट्याच्या भीतीने उसाच्या कडेला बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जातात," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिकीट लावून बिबट्या दाखवणार?"

मी चित्र फाडलं. या सगळ्या प्रकरणात शहाणपणाने झालेलं काम ते एवढंच.

मग मी भुतं घरी आणली. गच्चीवर एकेक रंगवायला घेतलं. वेताळ छान झाला. सांगाड्याला नवे हात मागवले, ते दोन्ही उजवे आले. दुकानदार म्हणाला, अंधारात कोण मोजतंय? मी म्हणालो, शरीररचना ही शरीररचना असते. हात परत पाठवले, तर दोन्ही डावे आले. तेच बसवले.

हडळ उरली. तिची साडी कुजली होती. मी उज्ज्वलाला विचारलं. ती कुरडयांच्या चिकात कोपरापर्यंत बुडाली होती. म्हणाली, "कपाटातल्या खालच्या कप्प्यातली कुठलीही घ्या."

मी जांभळी घेतली. हडळीला खुलून दिसली. गच्चीत कठड्याला टेकवून तिला वाळत ठेवली, आणि अर्ध्या तासात सुभाषरावांच्या आरतीवहिनी आपल्या कुरडया घेऊन वर आल्या.

त्या ओरडल्या नाहीत. जवळ गेल्या. पदराचा काठ दोन बोटांत धरून पाहिला.

"भाऊजी, ही आमच्या अक्षदाच्या लग्नातली ना? आम्ही वहिनींना आहेर केलेली?"

माणसाच्या आयुष्यात असे काही प्रसंग येतात की तिथे भूत निरुपद्रवी वाटू लागतं. मी म्हणालो, "रंग फार सुंदर आहे, म्हणून मुद्दाम निवडली." हे खरं होतं. खरं बोलून इतकं नुकसान माझं कधी झालं नव्हतं.

आठ दिवस समोरच्या घरातून आमच्याकडे वाटी आली नाही. नवव्या दिवशी उज्ज्वलाने हडळीची साडी सोडवली, दोन पाण्यांतून काढली, इस्त्री केली आणि ती नेसून कुरडया द्यायच्या निमित्ताने समोर जाऊन बसली. येताना वाटी घेऊन आली. वाटीत शेंगदाण्याची चटणी होती. म्हणजे मिटलं.

हडळ पुन्हा उघडी पडली. घरात वापरात नसलेलं वस्त्र आता एकच उरलं होतं : शाळेच्या निरोपसमारंभात मिळालेली माझी शाल. ती तिच्या खांद्यांवर घातली. परिणाम असा झाला की हडळ नुकताच सत्कार स्वीकारून आल्यासारखी दिसू लागली. आता फक्त दोन शब्द बोलायची राहिली होती.

*

आता गाडी.

गाडी जुनी, मोटर थकलेली. चढावर कण्हायची, वळणावर अडायची. मंचरचे सगळे मिस्त्री कांद्याच्या हंगामात गुंतलेले. सुभाषराव म्हणाले, "बेल्ह्याला जा. सोपान म्हणून हाय. लोखंडाला हात लावला की लोखंड पळतंय."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. लोखंडाने पळावं अशी माझी अपेक्षा नव्हती, नुसतं चालावं.

बेल्ह्याला बाजाराचा दिवस होता. टेम्पो, मोटारसायकली, बैल, बैलांकडे पाहणारी माणसं, त्या माणसांकडे पाहणारी माणसं. सोपान एका खोंडाच्या पुढच्या पायावर हात फिरवत बसला होता. खोंड त्याचा नव्हता. घ्यायचाही नव्हता. मी माझी अडचण सांगितली. त्याने खोंडाचा पाय सोडला नाही.

"किती सेकंद घेती?"

"काय?"

"गाडी. आत गेल्यापासनं भायेर यायला."

मी मोजलं होतं. काटेकोर माणूस आहे मी. अभिमानाने म्हणालो, "तीन मिनिटं दहा सेकंद."

सोपानने पाय सोडला. उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जी करुणा दिसली, ती मला कचेरीतही दिसली नव्हती.

"तीन मिन्टं?" तो हळूच म्हणाला, आजूबाजूच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "सर, ही गोष्ट हितं कुणाला सांगू नका."

ज्यांना आमचा भाग माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. इकडे बैलगाड्यांच्या शर्यती असतात. शर्यतीचा चढ असतो, त्याला घाट म्हणतात. घाटात गाडा सुटला की बारा-तेरा सेकंदांत वर. एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शावरून भावकीत बोलणं बंद होतं. सोपान शर्यतीचे गाडे बांधणारा माणूस. त्याला गाडी म्हणजे सेकंद. ती कशासाठी फिरते, आतल्या माणसाने काय पाहायचं आहे, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला वाटलं, भूतगुहा म्हटल्यावर काय सांगायचं?

दहा दिवस तो गुहेत एकटा काम करत होता. मला आत येऊ देईना. "बघून नजर लागंल," म्हणायचा. मी मनात म्हटलं, कलावंत आहे.

रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, चाचणी. मी आणि सुभाषराव गाडीत बसलो. मी गुडघ्यांवर वही ठेवली होती. कुठल्या वळणावर भूत किती अंतरावरून दिसतं, याची टिपणं घ्यायची होती. सोपानने आमच्याकडे न पाहता बटण दाबलं.

मला आठवतं ते असं. काळोख. वारा. डाव्या बाजूला काहीतरी जांभळट, कदाचित वेताळ. "अगं आई," हे सुभाषराव. मानेऐवजी माझी टोपी कुणाच्या तरी ओल्या हातात गेली. उजेड.

"चौदा पॉइंट दोन!" सोपान मोबाईल उंचावून ओरडत होता. "अजून ग्रीस पडलं न्हाई, सर! उद्याच्याला तेराच्या आत आणतो!"

माझी वही आतच राहिली. महिनाभर रंगवलेली भुतं, दोन डाव्या हातांचा सांगाडा, सत्कारमूर्ती हडळ, सगळं चौदा सेकंदांत संपलं होतं आणि मला त्यातलं काहीही दिसलं नव्हतं. सुभाषराव मात्र खाली उतरून म्हणाले, "पुन्यांदा."

"सोपान," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "गाडी हळू करावी लागेल."

"किती हळू?"

"तीन मिनिटं."

त्याने पान्हा पुसला, पिशवीत ठेवला. मग म्हणाला, "सर, हळू करता येतं. समदं येतं मला. पण मी करणार न्हाई. माझं नाव हाय ह्या पट्ट्यात. उद्या लोक म्हनतील, सोपानची गाडी तीन मिन्टं घेती. माझ्या पोरीचं लगीन व्हायचंय अजून."

मी विनवलं. मी चिडलो. चिडल्यावर माझं बोलणं फार शुद्ध होतं, त्यामुळे कुणी घाबरत नाही. सोपान हलला नाही. दुसरा मिस्त्री आणायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेणभाऊ येणार होते आणि त्यांना चौदा सेकंदांत फक्त वारा लागणार होता. वाऱ्याला गेणभाऊ ओरडले नसते.

मी गुहेच्या मागच्या दारात जाऊन बसलो. जानकू आतून बाहेर आला. माझी टोपी त्याने झटकून मला दिली.

"हात पोचत न्हाई सर," तो म्हणाला. "मान यायच्या आधीच मानूस गेल्याला असतोय."

"माझं चुकलं, जानकू. मी बल्बसुद्धा बदलायला नको होता."

तो माझ्याशेजारी बसला. रुळाकडे पाहत होता. मग म्हणाला, "आमच्याकडं भाताच्या खाचरात चिखल केला ना सर, की कसलाबी बैल उभा ऱ्हातोय. किती का पळणारा असंना."

"मग?"

"मंग काय न्हाई. ती गोणपाटं हायेत नव्हं भितीला? दोन-चार घेऊ का?"

मी म्हणालो, घे. तेव्हा मला कुणी ताडपत्री घेऊ का विचारलं असतं, तरी मी हो म्हणालो असतो.

*

रविवार. दहा वाजता दहा संचालक आले, सहकुटुंब. बाहेर गर्दी झाली होती, कारण सोपानने बेल्ह्याला सांगितलं होतं. पंधरा-वीस जण मोबाईलवर सेकंद मोजायला तयार. एकाने गुलाल आणला होता.

पुढच्या बाकावर गेणभाऊ आणि त्यांच्या पत्नी सारजाबाई. मागे दोन संचालक. गेणभाऊंनी मिशा पुसल्या, मला म्हणाले, "सोमवारच्याला जेसीबी सांगून ठिवलाय, सर," आणि गाडी सुटली.

"पाच!" बाहेरची गर्दी. "आठ! नऊ! दहा!"

दहानंतर आतून 'फसक्' असा आवाज आला. मग 'ठप्प'. मग गुहेवरचा 'भूतगुहा' हा दिव्यांचा फलक विझला.

"तेरा... चौदा..." मोजणारे घुटमळले. "वीस." एकाने मोबाईल खिशात ठेवला. सोपानचा चेहरा पांढरा पडला होता. "माझी गाडी न्हाई थांबायची," तो म्हणत होता. "तीस सेकंद झाले. सर, माझी गाडी थांबत न्हाई."

आतून काहीही ऐकू येत नव्हतं. चाळीस सेकंद. पन्नास. मी आयुष्यात इतकी शांतता फक्त वार्षिक परीक्षेत ऐकली आहे.

आणि मग किंकाळी आली.

ती अशी किंकाळी होती की रस्त्यावरच्या एसटीने ब्रेक लावला. आगगाडीत बसलेली मुलं रडायला लागली. एकच आवाज, जाड, लांबलचक, मध्येच श्वास घेऊन पुन्हा सुरू झालेला. मंडळातल्या प्रत्येकाने तो आवाज लिलावात ऐकला होता, फक्त इतक्या वरच्या पट्टीत नाही.

जानकूने तिसऱ्या वळणावर रुळावर चिखलात भिजवलेली गोणपाटं टाकली होती; गाडी त्यांत रुतली आणि फ्यूज उडाला. पुढे आत काय झालं, ते नंतर सारजाबाईंनी सांगितलं.

"अवो, गाडी चिखलात रुतल्यावानी थांबली. दिवं गेलं. डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. हे म्हनलं, घाबरू नगंस. मी कशाला घाबरू? घरी लाइट जातीच की. तेवढ्यात ह्यांच्या कानापाशी कुणीतरी लई हळू, लई सबुरीनं इचारलं, 'पावणं, कोन गावचं?'"

"मग?"

"मंग काय? हे म्हनलं, 'मंचर.' सवयच हाय ना. कुणी इचारलं की सांगायचं. गाव सांगून झालं, मंग ह्यांच्या ध्यानात आलं की आपण कुठं हाय. मंग वरडलं."

"आणि तुम्ही?"

"मी त्यालाच इचारलं, तू कुठला? तर डिंभ्याच्या पल्याडचा निघाला. म्हनलं, माझं म्हायेर शिनोली, तुझी एस्टी तिथनंच जाती की! बोलत बसलो लाइट येईस्तवर. हे मधी वरडत व्हतं म्हून नीट ऐकू येत नव्हतं, न्हाईतर अजून वळख निघाली असती."

*

ठराव.

संध्याकाळी बैठक झाली. गेणभाऊंनी चेहरा धुतला होता. म्हणाले, "मी वरडलो न्हाई. जानकूला हाक मारली."

जानकू चहाचा ट्रे घेऊन उभा होता. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण लिहायचं मला होतं. ओरडले असं लिहावं, तर अध्यक्ष सही करणार नाहीत. ओरडले नाहीत असं लिहावं, तर सोमवारी जेसीबी. मी बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसलो. मग लिहिलं : 'गुहेची पाहणी केली असता मा. अध्यक्षांनी मोठ्याने समाधान व्यक्त केले. सबब गुहा व जानकू कायम ठेवण्यात यावेत.'

गेणभाऊंनी दोनदा वाचलं. सही केली. खाली स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली : 'आत दिवे लावू नयेत.'

म्हणजे असं. वायरिंग नवी झाली, ती बंद ठेवायची. बल्ब मिळाला नाही तेच बरं झालं. भुतं रंगवली, ती कुणाला दिसणार नाहीत. वेताळाच्या डोळ्यांतली ती पिवळी छटा, जिच्यासाठी मी चार दिवस घालवले, ती आता मी आणि वेताळ दोघांनाच माहीत. सोपानने आपली मोटर त्याच दिवशी काढून नेली. गाडी चिखलात रुतवणाऱ्यांच्या हवाली तो आपली मोटर करत नाही. जुनी मोटर पुन्हा बसवली. गाडी आता तीन मिनिटं चाळीस सेकंद घेते, कारण मधे मोटर अडली की जानकू ढकलतो. रविवारी रांग लागते. आत काय आहे, असं बाहेर आलेल्यांना विचारलं तर कुणी हडळ सांगत नाही, वेताळ सांगत नाही. सगळे म्हणतात, "एक मानूस हाय, गाव इचारतो."

मला लोक आता विचारतात, सर, जुन्या भूतगुहेची दुरुस्ती करावी का? दुसऱ्या एका बागेच्या मंडळानेही पत्र पाठवलं आहे. मी त्यांना सविस्तर उत्तर लिहायला बसलो. चार पानं लिहिली. रंग, वायर, परवानगी, मिस्त्री. वाचून पाहिली आणि फाडली. मग पोस्टकार्डावर लिहिलं : 'दुरुस्ती जरूर करावी, पण आत कोण बसतं ते आधी जाऊन पाहावं.' त्यांचं उत्तर नाही. माझं अक्षर त्यांना लागलं नसेल, असं होऊच शकत नाही.

उज्ज्वला म्हणते, अष्टविनायकाच्या गाडीत अजून दोन जागा शिल्लक आहेत.

*

गुहा सुरू झाली त्या वर्षी जानकूला अंधाराची भीती वाटायची. पहिले पंधरा दिवस त्याची बायको अंबाबाई तिसऱ्या वळणावर त्याच्याशेजारी बसून गावाकडचं काहीबाही विचारत असे.